प्रिन्स, पुणं आणि वाळूचं घड्याळ

मंडळी, आज थोडा इतिहास. पण पेशव्यांचा नाही, प्रिन्सचा.

ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जुन्या डॉसच्या मशीनवर वेळ घालवलाय, त्यांना कुठला प्रिन्स ते सांगायला नको. पांढरे कपडे, अनवाणी पाय, तळघरातला तुरुंग, कचाकच मिटणारे दातेरी सुरे आणि डोक्यावर ६० मिनिटांची टांगती तलवार. सरांची पाठ फिरली की 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करून गेम सुरू करायचा आणि शिफ्ट-एल दाबत लेव्हल्स ओलांडायच्या, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते एका बेंचवरून दुसऱ्या बेंचवर असंच जायचं. आरशातून बाहेर पडणारी ती सावली, आठव्या लेव्हलला बटणावर उभं राहून दार उघडून देणारा तो पांढरा उंदीर... आठवलं ना?

तर हा प्रिन्स १९८९ चा. त्यानंतर तो अनेकदा झोपला आणि त्याला जागं करायचे अनेक प्रयत्न झाले. एक साफ फसला. एक इतका छान जमला की त्यातूनच त्याचा प्रतिस्पर्धी जन्माला आला. आणि सगळ्यात अलीकडचा मोठा प्रयत्न चक्क आपल्या पुण्या-मुंबईतून सुरू झाला आणि २१ जानेवारी २०२६ ला रद्द म्हणून जाहीर झाला. बंद पडलेली गेम-मालिका पुन्हा उभी करणं इतकं अवघड का असतं, हे समजून घ्यायला याच्याइतकी चांगली केस स्टडी नाही. आणि त्यात पुणं आहे, म्हणजे आपल्याला बोलायचा अधिकार आपोआपच आला :)

आधी मूळ गेम

जॉर्डन मेकनर हा येल विद्यापीठात शिकणारा पोरगा. शिकता शिकताच त्याने 'कराटेका' नावाचा गेम लिहिला. १९८४ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीने तो काढला आणि तो चालला. मग १९८५ मध्ये त्याने प्रिन्सचं काम सुरू केलं. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या जागेत पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक फ्रेम वेगळी काढून, तिची बाह्यरेषा गिरवून ती कॉम्प्युटरवर आणली. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजीसाठी भावाला शिकवत बसण्याऐवजी १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातलं शेवटचं द्वंद्वयुद्ध वापरलं. संगीत कोणाचं? वडिलांचं! घरचंच कार्य म्हणा ना.

मशीन होतं ॲपल टू. सगळा कोड ६५०२ च्या असेंब्लीत. मेमरी अशी टिचभर की प्रिन्सच्या हालचाली भरल्यावर दुसऱ्या नव्या पात्रासाठी जागाच उरेना. मग मेकनरने काय केलं? प्रिन्सचंच चित्र घेतलं, एक बिट सरकवलं आणि मूळ चित्राशी एक्स-ऑर केलं. पडद्यावर एक चमकती, भुतासारखी आकृती उमटली. झाली सावली तयार! म्हणजे जे पात्र सगळ्यांना आयुष्यभर लक्षात राहिलं, ते मेमरी कमी पडली म्हणून जन्माला आलं. आणि शेवटच्या लेव्हलला या सावलीशी लढायचं नसतं, तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जायचं असतं. तांत्रिक अडचणीतून एवढी सुंदर कल्पना निघालेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

अजून एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. प्रिन्सची प्रत्येक स्क्रीन म्हणजे १० बाय ३ चौकटींची एक जाळी आहे. प्रत्येक उडी चौकटीत मोजलेली. त्यामुळे खेळणाऱ्याला चार-पाच वेळा मेल्यावर अंदाज येतो की इथून पळत आलो तर पलीकडे पोचणार, उभ्याने मारली तर खड्ड्यात. शिवाय प्रिन्स खऱ्या माणसासारखा जड आहे. पळताना बटण सोडलं की तो लगेच थांबत नाही, दोन पावलं घसरतो. हा जडपणा आणि हा अंदाज, दोन्ही मिळून तो 'प्रिन्स' होतो. राजवाडा, राजकन्या, वजीर जाफर हे सगळं वरचं सजावटीचं सामान.

गेम ऑक्टोबर १९८९ मध्ये बाजारात आला तेव्हा ॲपल टू मरायला टेकला होता. विक्री रडतखडत. मग डॉस, जपानी मशीन्स, मॅक अशी भाषांतरं झाली आणि हळूहळू जगभर पसरला. १९९३ मध्ये दुसरा भागही आला. म्हणजे पहिल्या दिवशी कोणी आकडे बघून निकाल लावला असता, तर प्रिन्स तिथेच संपला असता.

फसलेला प्रयत्न

१९९६ मध्ये 'टूम रेडर' आला आणि सगळ्यांना थ्रीडीचं वेड लागलं. प्रिन्स का मागे राहील? १९९९ मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी' आला. तोवर ब्रॉडरबंडला लर्निंग कंपनीने विकत घेतलं होतं (१९९८), आणि लर्निंग कंपनीला बाहुल्यांच्या मॅटेलने (१९९९). आपल्यापैकी ज्यांनी कंपनीचं मर्जर आतून पाहिलंय त्यांना कळेल, अशा काळात प्रॉजेक्ट वेळेवर आणि नीट होणं म्हणजे दिवाळीत एसटीला खिडकी मिळण्यासारखं. गेम अर्धवट भाजलेला निघाला. बग्ज, अडखळणारा कॅमेरा, रुसलेली कंट्रोल्स.

पण मला वाटतं मूळ दुखणं बग्जच्या आधीचं होतं. त्यांनी प्रिन्सचं सामान थ्रीडीत नेलं: तुरुंग, सुरे, तलवार, राजकन्या. न्यायचा राहिला तो अंदाज. बाजूने बघताना खड्डा किती चौकटींचा आहे ते डोळ्याला दिसतं. कॅमेरा पाठीमागे गेला की तेच अंतर कळेनासं होतं. मग मेल्यावर 'माझी चूक झाली' असं वाटत नाही, 'यांनी फसवलं' असं वाटतं. आणि एकदा का खेळणाऱ्याला असं वाटलं, की खेळ खल्लास.

जमलेला प्रयत्न

२००१ मध्ये मॅटेलकडे आलेला हा जुना गेम्सचा संसार फ्रान्सच्या यूबीसॉफ्टने विकत घेतला. पण एक गोम होती. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या नावाचे हक्क मेकनरने स्वतःकडे ठेवले होते. त्यामुळे यूबीसॉफ्टच्या मॉन्ट्रियलच्या टीमला त्याच्याकडे जाणं भागच होतं. निर्माता यानिस माला, क्रिएटिव्ह डायरेक्टर पात्रीस देझिले. त्यांनी भिंतींवरून धावणारा प्रिन्स दाखवला, मेकनर खूश झाला आणि स्वतः लेखक म्हणून सामील झाला. हक्क मूळ माणसाकडे राहिले याचा हा असाही फायदा. जुन्या गोष्टीचा गाभा कुठला आणि सजावट कुठली हे सांगणारा माणूस खोलीत होता.

२००३ च्या शेवटी 'सँड्स ऑफ टाइम' आला. यात जुन्या गेममधलं तुम्हाला काय सापडतं? जवळजवळ काहीच नाही. तुरुंगातून सुरुवात नाही, ६० मिनिटं नाहीत, जाफर नाही. पण जरा खोल बघा. जुन्या गेममध्ये काळ हा शत्रू होता, घड्याळ वरून टिकटिक करायचं. नव्या गेममध्ये तोच काळ प्रिन्सच्या हातात दिला, खंजिराच्या रूपाने. उडी चुकली? बटण दाबा, काळ उलटा फिरवा, पुन्हा मारा. जुन्या गेममधला जडपणा आणि अंदाज दोन्ही थ्रीडीत आले, आणि थ्रीडीत अंदाज चुकणारच म्हणून चूक मागे घ्यायची सोयही आली. १९९९ च्या दुखण्यावरचं नेमकं औषध! वर प्रिन्स स्वतःच गोष्ट सांगत असतो, त्यामुळे तुम्ही मेलात की तो सांगणाऱ्याच्या आवाजात म्हणतो, छे छे, असं नव्हतं झालं. मरणसुद्धा कथनात बसवलं.

आणि गंमत बघा, गोष्ट सुरू होते ती भारतात. पर्शियाची फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करते, आणि तो खंजीर आणि वाळूचं घड्याळ ही लूट इथून नेलेली असते. नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी.

मग झोपला का?

२००४ आणि २००५ मध्ये आणखी दोन भाग आले. २००४ चा 'वॉरियर विदिन' रक्ताळलेला, हेवी मेटलवाला. मेकनरने नंतर जाहीरपणे सांगितलं की ती दिशा त्याला आवडली नव्हती. पण झोपेचं खरं कारण हे नाही. खरं कारण जास्त मजेशीर आहे.

देझिले आणि मंडळींनी पुढच्या प्रिन्सची कल्पना मांडली: नायक राजपुत्र नाही, त्याचं रक्षण करणारा मारेकरी. नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया: असॅसिन'. कंपनीला वाटलं, प्रिन्सच्या गेममध्ये नायक प्रिन्स नाही, असं कसं चालेल? मग पुढचं नाव गळलं, मागचं राहिलं, आणि २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' बाजारात आला. त्याचं पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. २००९ ते २०१५ दर वर्षी एक मोठा भाग!

लेकरानेच बापाची जागा घेतली, दुसरं काय. कंपनीत माणसं मोजकी असतात. भिंतीवर चढणं, गच्चीवरून उड्या, मध्यपूर्वेतली शहरं हे सगळं बनवू शकणारे लोक तेच. ते असॅसिन्स क्रीडवर लावले तर जास्त पैसे येतात. मग प्रिन्सवर कोण लावेल? आपल्याकडे नाही का, क्लाएंट वाईट नसतो, फक्त शेजारच्या क्लाएंटचं बिलिंग जास्त असतं. मालिका अपयशाने मरतात असं आपण समजतो. बऱ्याचदा त्या दुसऱ्याच्या यशाने मरतात.

मध्ये २००८ ला चित्रासारखा देखणा नवा प्रिन्स आला, पण त्याची गोष्ट अधांतरीच सोडली. २०१० ला डिस्नेचा सिनेमा आला, जेक जिलेनहालवाला. त्याने जगभरात साधारण ३३ कोटी डॉलर कमावले, पण खर्चाच्या मानाने ते पुरेसं नव्हतं आणि पुढचा सिनेमा निघालाच नाही. त्याच वर्षी 'फरगॉटन सँड्स' नावाचा गेम आला. त्यानंतर मोबाइलवरचे छोटे प्रकार सोडले तर १३ वर्षांहून जास्त शांतता.

आता पुणं

यूबीसॉफ्टचं पुण्यातलं ऑफिस २००८ पासूनचं. आधी ते गेमलॉफ्टचं होतं, यूबीसॉफ्टने घेतलं. काम बहुतेक पडद्यामागचं: टेस्टिंग, एका मशीनवरचा गेम दुसऱ्या मशीनवर नेणं, 'जस्ट डान्स'सारख्या मालिकांना हातभार. २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ उघडला. आणि १० सप्टेंबर २०२० ला जाहीर झालं: 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक येतोय आणि तो मुंबई-पुण्याच्या टीम करतायत!

इथे आपल्या क्षेत्रातल्या माणसाला काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं आपण दुसऱ्याच्या गेमचे बग शोधणारे. आता भारतातून सुरू होणारी ही गोष्ट भारतातच नव्याने बनणार होती. तारीखही लगेचची होती, २१ जानेवारी २०२१.

आणि मग ट्रेलर आला. लोकांनी धुतला. चेहरे प्लॅस्टिकसारखे, प्रकाश सपाट, हे तर दोन पिढ्या जुनं दिसतंय, वगैरे. डिसेंबरमध्ये तारीख मार्चवर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये 'अनिश्चित काळासाठी' झाली, आणि मे २०२२ मध्ये प्रॉजेक्ट मॉन्ट्रियलकडे दिल्याचं जाहीर झालं. इंटरनेटने निकाल लावून टाकला: इंडियन क्वालिटी. दुःख म्हणजे हे म्हणणाऱ्यांत आपलेच लोक बरेच होते.

मला हा निकाल पटत नाही. भावनेने नाही, इंजिनिअर म्हणून. कारणं देतो.

एक. स्कोप. हा गेम ४० डॉलरला विकायचा होता, तेव्हाचे मोठे नवे गेम ६० डॉलरला मिळायचे. किंमत हीच सांगते की कंपनीच्या डोक्यात मध्यम आकाराचं काम होतं. पण नाव होतं रिमेक, आणि रिमेक म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर 'रेसिडेंट ईव्हिल २' चा २०१९ चा रिमेक होता, म्हणजे सगळं नव्याने. लग्न रजिस्टर पद्धतीचं आणि पत्रिकेत शाही विवाहसोहळा छापलेला, असं झालं.

दोन. जुना कोड फारसा कामाचा नाही. २००३ चा गेम जेड नावाच्या इंजिनवर होता, रिमेक ॲन्व्हिलवर, म्हणजे असॅसिन्स क्रीडच्या इंजिनवर. इंजिन बदललं की उडीची लांबी, कॅमेऱ्याचा झोक, भिंतीवर किती पावलं धावता येतं, सगळं नव्याने जुळवायचं. आणि प्रिन्समध्ये हे जुळवणं म्हणजेच गेम, हे आपण वर पाहिलंच.

तीन. काळ उलटा फिरवणं ऐकायला सोपं आहे. गणित करू. एका वस्तूची जागा (३ आकडे) आणि दिशा (४ आकडे) साठवायला २८ बाइट धरा. सेकंदाला ३० फ्रेम, १० सेकंद मागे जायचं, म्हणजे ३०० नोंदी. झाले ८,४०० बाइट, एका वस्तूचे. अशा १०० वस्तू असतील तर सव्वाआठ लाखांहून जास्त बाइट. प्लेस्टेशन टूमध्ये एकूण मेमरी ३२ एमबी, तिथे हे परवडलं कारण हलणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या. आजच्या गेममध्ये कापड हलतं, धूळ उडते, दगड फुटतात, केस भुरभुरतात. त्यातलं जे जे उलटं फिरणार ते ते साठवायचं, नाही तर प्रिन्स मागे जाणार आणि धूळ पुढे. मेमरी आज भरपूर आहे हो, पण प्रत्येक नवीन शोभेच्या गोष्टीला 'ही उलटी कशी फिरेल?' हा प्रश्न विचारावा लागतो. शोभा वाढवा म्हणणाऱ्यांना हा खर्च दिसत नाही.

चार, आणि हे सगळ्यात वाईट. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कुठे आहे? लोकांच्या आठवणीत. आणि आठवणीतला गेम हा खऱ्या गेमपेक्षा नेहमीच सुंदर असतो. २००३ चं चित्र आपण गोलसर काचेच्या टीव्हीवर पाहिलं होतं, त्या काचेने सगळे खडबडीत कोपरे मऊ करून दाखवले होते. आज तोच गेम मोठ्या स्क्रीनवर लावा, आपणच दचकू. म्हणजे टीमला स्पर्धा करायची होती ती २००३ च्या गेमशी नाही, तर प्रत्येकाच्या डोक्यातल्या वेगवेगळ्या गेमशी. याची टेस्ट केस लिहून दाखवा बरं.

ट्रेलर कच्चा दिसत होता हे खरंच आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण पुढे काय झालं ते बघा. प्रॉजेक्ट मॉन्ट्रियलला गेला, म्हणजे ज्या स्टुडिओने मूळ गेम बनवला त्याच स्टुडिओला. नोव्हेंबर २०२२ मध्ये आगाऊ नोंदणीचे पैसे परत केले. २०२३ मध्ये सांगितलं की काम अजून सुरुवातीच्या टप्प्यात आहे. जून २०२४ मध्ये एका मेणबत्तीचा टीझर दाखवून '२०२६' एवढंच सांगितलं. आणि २१ जानेवारी २०२६ ला, यूबीसॉफ्टच्या मोठ्या फेररचनेत, आणखी पाच गेम्सबरोबर हाही रद्द. मूळ तारखेला बरोब्बर पाच वर्षं झाली त्याच दिवशी.

म्हणजे माहेरी जाऊनही पावणेचार वर्षांत हे बाळंतपण सुटलं नाही. मग दोष फक्त पुण्या-मुंबईच्या हातांचा होता, असं कसं म्हणायचं? गणितच अवघड होतं. आधी पेपर ज्यांना दिला ते नापास, असं म्हणून आपण मोकळे झालो. नंतर टॉपरलाही तो सुटला नाही, हे बघायला कोणी थांबलंच नाही.

आणि जमलेला, तरी न चाललेला

याच काळात दुसरीकडे गंमत चालली होती. यूबीसॉफ्टच्या मॉन्टपेलिए स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' काढला. पुन्हा बाजूने दिसणारा, पुन्हा मोजून मारायच्या उड्या. नायक राजपुत्र नाही, सार्गोन नावाचा योद्धा (जे २००४ मध्ये चाललं नाही ते २० वर्षांनी चाललं!). सीमुर्ग, काफ पर्वत अशी अस्सल इराणी पुराणं, आणि पूर्ण फारसी आवाजही. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. त्याच वर्षी 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' हा एव्हिल एम्पायर या छोट्या फ्रेंच स्टुडिओचा गेमही अर्ली ॲक्सेसमध्ये आला.

पण 'लॉस्ट क्राउन'ची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. ऑक्टोबर २०२४ पर्यंत बातमी आली की टीममधले बहुतेक लोक दुसऱ्या प्रॉजेक्ट्सवर गेले. म्हणजे गाभा ओळखला, काम उत्तम केलं, तरीही पुढचा भाग नाही. १९८९ चा प्रिन्सही सुरुवातीला असाच पडून होता, पण त्याला हळूहळू पसरायला तीन-चार वर्षं मिळाली. आज एवढा वेळ कोण देतो? पहिल्या तिमाहीचा आकडा बघितला जातो आणि बेंच रिकामा केला जातो.

थोडक्यात काय, तर जुनी मालिका उठवायला तीन गोष्टी लागतात असं मला दिसतं. गाभा आणि सजावट यातला फरक सांगणारा माणूस, काम जेवढं आहे तेवढंच मोठं बोलणं, आणि पहिल्या अपयशानंतरही थोडा धीर. २००३ मध्ये पहिल्या दोन होत्या. २०२० मध्ये दुसरी नव्हती. २०२४ मध्ये तिसरी नव्हती.

असो. जाता जाता एक चांगली बातमी. मेकनरचा मूळ ॲपल टूचा सोर्स कोड हरवला असंच सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटात फ्लॉपींचा एक जुना खोका सापडला. इंटरनेट आर्काइव्हच्या जेसन स्कॉटसारख्या जाणकारांनी त्या वाचून दिल्या आणि मेकनरने तो कोड गिटहबवर ठेवून दिला. डॉसचा गेम आजच्या मशीनवर चालवणारा 'एसडीएलपॉप' हाही मुक्त प्रकल्प आहे, आणि हौशी लोक त्यात नवनवीन लेव्हल्स बनवत असतात.

तेव्हा हा रविवार रिकामा असेल तर ती असेंब्ली उघडून बघा. सावलीचं ते एक्स-ऑर कुठे आहे ते शोधा. सापडलं की पुण्यातल्या गेम कंपनीत काम करणारा एखादा मित्र असेल त्याला फोन करा, आणि चहा पाजा. गेल्या पाच वर्षांत बिचाऱ्याने बरंच ऐकून घेतलंय.